सर रोनाल्ड रॉस व मोरस बेटावरील हिवताप

मृगाचा पाऊस सुरू झाला की रत्नागिरी जिल्ह्यातील घरांत माणसांपेक्षा इतर जिवांचीच वस्ती अधिक होते. वाशावरून घोण उतरते, सरपणाच्या ढिगातून विंचू निघतो, गोठ्यात गुरांच्या कानांत गोचिडी फुगतात, आंब्याच्या झाडावरचे ओंबील अंगावर पडले म्हणजे जीव नकोसा होतो, आणि रानातून परतलेल्या माणसाच्या पोटरीस जळू चिकटलेली सापडते. ह्या सर्वांशी निभावून कसे राहावे हे कोकणच्या माणसास शिकवावे लागत नाही. तो पाहिल्यावाचून लाकडाच्या खाली हात घालीत नाही, वहाणा झटकून मग पायांत घालतो, आणि तिन्हीसांजेस पडवीत सोडणांचा धूर करतो. परंतु ह्या सर्व मंडळीत जो अंगाने अगदी लहान, ज्यास मारण्यास टाळीही पुरते, त्या डासाने जितकी माणसे मारिली तितकी विंचू, घोण व फुरसे ह्यांनी मिळूनही मारिली नाहीत. विंचवाची नांगी दिसते, फुरशाचा दात दिसतो; डासाचा घाव मात्र दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो तेव्हा कळतो, आणि तोवर घाव करणाराची आठवणही राहत नाही. म्हणूनच हजारो वर्षे हिवतापाचा दोष मनुष्याने दलदलीच्या वाफेस, रात्रीच्या हवेस, नव्या पाण्यास किंवा कोणाच्या दृष्टीस दिला; खऱ्या अपराध्यावर कोणाचा हात पडला नाही.

तो अपराधी ज्याने पुराव्यानिशी पकडला त्या सर रोनाल्ड रॉस ह्या वैद्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत एका तारखेपुरते येते. परंतु त्या तारखेच्या आधीचे श्रम व नंतरची त्याची धडपड अधिक बोधप्रद आहे, आणि त्या धडपडीचा एक भाग अशा बेटावर घडला की जेथे आमच्या ह्याच जिल्ह्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या तापाने कण्हत होती.

रॉस ह्याचा जन्म 13 मे 1857 रोजी हिमालयातील अलमोडा येथे झाला. बाप हिंदुस्थानच्या फौजेत अधिकारी होता, व दहा भावंडांत रोनाल्ड वडील. आठ वर्षांचा असता त्यास शिक्षणासाठी विलायतेस पाठविले. मुलास चित्रे काढण्याचा, काव्याचा व गायनवादनाचा नाद. वैद्यकाची आवड मुळीच नव्हती. परंतु बापाच्या इच्छेस मान देऊन 1874 साली तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात दाखल झाला. अभ्यासात मन नसल्यामुळे एका परीक्षेत अपयश आले, काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून काढावा लागला, आणि शेवटी 1881 साली हिंदुस्थानच्या सरकारी वैद्यकीय खात्यात त्याची नेमणूक झाली. पुढील काही वर्षे मद्रास इलाखा, ब्रह्मदेश व अंदमान बेटे अशा ठिकाणी बदल्यांत गेली. फावल्या वेळी तो गणित सोडवी व कादंबऱ्या लिही. ह्या माणसाकडून जगाचे काही कल्याण होईल असे तेव्हा कोणास वाटले नसते.

मात्र 1883 साली बंगळूर येथे एक लहानशी गोष्ट घडली. रॉस ह्यास राहण्यास जो बंगला मिळाला त्यात डासांचा अतोनात उपद्रव होता. त्याने शोध केला तेव्हा खिडकीबाहेर ठेविलेल्या पाण्याच्या पिंपात वळवळणारे किडे दिसले. हीच डासांची पिल्ले होत हे ओळखून त्याने पिंप उपडे केले, आणि थोड्याच दिवसांत खोलीतील त्रास पुष्कळ कमी झाला. आनंदाने तो पलटणीच्या अधिकाऱ्याकडे गेला व भोजनगृहाभोवतालची सर्व भांडी अशीच उपडी करावी अशी त्याने सूचना केली. अधिकाऱ्याने ती मानली नाही. त्याचे म्हणणे असे की, डास कोणत्या तरी हेतूने निर्माण झालेले आहेत, सृष्टीच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करू नये, त्यांस सोशीत राहणे हेच आपले कर्तव्य.

वाचकहो, हे मत त्या एका अधिकाऱ्याचे नव्हते. आमच्या खेड्यापाड्यांतूनही हेच ऐकू येते. जे जन्मास आले ते कशासाठी तरी आले, आपण सोसावे, असे म्हणून माणसे ओटीवर बसून पाय खाजवीत राहतात, आणि दाराशी असलेली दोण हिरव्या पाण्याने भरलेली तशीच राहते. सहनशीलता हा मोठा गुण खराच. परंतु जे टाळता येत नाही ते सोसणे ही सहनशीलता. जे एका हाताने उपडे करता येते ते सोसणे हा आळस होय. रॉस ह्याच्या पुढील सर्व आयुष्यात हाच एक वाद चालला, असे म्हटले तरी चालेल.

त्या वेळी मात्र डास व ताप ह्यांचा संबंध त्याच्याही ध्यानी आला नव्हता. लाव्हरां नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टराने 1880 साली आफ्रिकेतील अल्जीरिया देशात हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात अतिसूक्ष्म जंतू पाहिले होते. रॉस ह्यास हिंदुस्थानात ते काही केल्या दिसेनात, म्हणून त्याचा त्यांवर विश्वासच नव्हता. 1894 साली रजेवर विलायतेस गेला असता पॅट्रिक मॅन्सन नावाच्या अनुभवी वैद्याने त्यास आपल्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून ते जंतू दाखविले, आणि डास रोग्याचे रक्त पितो तेव्हा हे जंतू डासाच्या पोटात जाऊन वाढत असावेत असे आपले अनुमान सांगितले. मात्र पुढे डास पाण्यात मरतो व ते पाणी प्यायल्याने माणसास ताप येतो, अशी मॅन्सनची समजूत होती. पहिली अर्धी गोष्ट खरी ठरली, दुसरी अर्धी चुकीची.

1895 साली रॉस हिंदुस्थानात परतला व निजामच्या राज्यात सिकंदराबाद येथे पलटणीच्या दवाखान्यात रुजू झाला. तेथे त्याने रोग्यांस मच्छरदाणीत निजवून डासांकडून चाववून घेतले, मग ते डास पकडून एकेकाचे पोट सुईने उकलून यंत्राखाली तपासले. डासाएवढ्या जिवाचे पोट उकलणे हे काम किती नाजूक असेल ह्याची कल्पनाच करावी. पाण्याची समजूतही त्याने माणसांवर अजमावून पाहिली, पण तीतून काही निष्पन्न झाले नाही. मध्यंतरी पटकीच्या साथीसाठी त्यास बंगळुरास पाठविले. 1897 साली निलगिरीच्या पायथ्याशी तपास करिताना त्यास स्वतःलाच हिवताप जडला. दोन वर्षांत त्याने शेकडो डास उकलले; परंतु ते सर्व राखी रंगाचे अथवा चट्टेपट्टे असलेले होते. ज्या जातीत हा जंतू वाढतो ती जातच त्याच्या हाती आली नव्हती. एखाद्याने चोराचा शोध करावा आणि रोज शेजारच्या भल्या माणसांच्याच झडत्या घ्याव्या, तसे ते झाले.

1897 सालच्या ऑगस्ट महिन्यात सिकंदराबादेस त्याच्या माणसांनी निराळ्या प्रकारच्या डासांची पिल्ले आणून दिली. त्यांतून तपकिरी रंगाचे, पंखांवर ठिपके असलेले डास निघाले. 16 ऑगस्ट रोजी हुसेनखान नावाच्या तापकऱ्याने अशा दहा डासांकडून चावून घेतले. दर डासामागे त्यास एक आणा मिळाला. पुढचे चार दिवस रॉस एक एक डास उकलीत गेला. उकाडा असह्य, परंतु पंखा ओढावा तर डासांचे अवयव उडून जात, म्हणून तो पंख्यावाचून बसे. चिलटे डोळ्यांवर झोंबत. घामाने यंत्राचे स्क्रू गंजले होते व भिंगास तडा गेला होता. 20 ऑगस्ट रोजी दुपारी, मोजके डास उरले असता, एकाच्या जठराच्या भिंतीत त्यास गोल पेशी दिसल्या व त्यांत काळसर कण आढळले. तेच कण हिवतापाच्या जंतूत असतात. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास उकलला तो त्यातील पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे जंतू डासाच्या अंगात जिवंत असून वाढत होता. 20 ऑगस्ट हा दिवस अद्यापि जगभर डासदिन म्हणून पाळतात. त्या प्रसंगी रॉस ह्याने ईश्वराचे उपकार मानून एक कविता लिहिली, ती प्रसिद्धच आहे.

आता पुढील पायरी चढावी तो त्याची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली, आणि तेथे हिवतापाचे रोगी जवळजवळ नव्हते. कित्येक महिने अर्ज-विनंत्या केल्यावर 1898 सालच्या आरंभी त्यास कलकत्त्यास प्रयोगशाळा मिळाली. परंतु तेव्हा प्लेगाचे दिवस होते. डॉक्टराचे नाव काढताच लोक पळत व कोणी सुई टोचून घेण्यास तयार होईना. तेव्हा त्याने चिमण्यांस होणारा हिवतापासारखाच एक रोग हाती घेतला. महंमद बक्ष नावाचा त्याचा चाकर डास पकडण्यात व पाळण्यात मोठा हुशार होता. जुलै महिन्यात रॉस ह्याने पाहिले की, डासाच्या जठरातील त्या पेशी फुटून त्यांतून सूक्ष्म तंतू बाहेर पडतात, सर्व अंगात पसरतात, आणि शेवटी मानेजवळच्या लाळेच्या पिंडात येऊन साठतात. कोडे सुटले. डास चावताना आपली लाळ जखमेत सोडतो, आणि लाळेबरोबर रोगही सोडतो. निरोगी चिमण्यांस असे डास चावविले तेव्हा त्यांतील बहुतेक आजारी पडल्या. पाणी पिण्याचा काही संबंध नाही, हवेचा नाही, दृष्टीचा तर नाहीच नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रासी व त्याचे सोबती ह्या इटालियन शास्त्रज्ञांनी मनुष्याच्या हिवतापाचा सर्व फेरा अनॉफेलीस जातीच्या डासात पूर्ण होतो हे दाखवून दिले.

येथे चरित्रकाराने एक गोष्ट झाकून ठेवू नये. रॉस स्वभावाने मोठा मानी व तापट होता. शोधाचे श्रेय कोणाचे ह्यावरून ग्रासीशी त्याचा जो तंटा जुंपला तो अनेक वर्षे मिटला नाही, आणि ज्या मॅन्सनने त्यास वाट दाखविली त्याच्याशीही पुढे बिघडले. 1902 साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले, 1911 साली सर हा किताब मिळाला, तरी आपली उपेक्षा झाली हे शल्य त्याच्या मनातून गेले नाही. दहा आण्यांसाठी आपले अंग डासांपुढे धरणारा हुसेनखान व रात्रंदिवस डास राखणारा महंमद बक्ष ह्यांस तर पारितोषिक नव्हते आणि तक्रार करण्यास जागाही नव्हती. मोठ्या शोधाच्या इमारतीत अशी पुष्कळ माणसे पायाच्या दगडांप्रमाणे जमिनीखाली राहतात; त्यांचे स्मरण करणे आम्हास योग्य वाटते.

1899 साली रॉस हिंदुस्थान सोडून लिव्हरपूल येथील उष्णदेशीय वैद्यकाच्या शाळेत शिक्षक झाला. शोध लागला म्हणजे रोग हटला असे त्यास कधीच वाटले नाही. बंगळूरचे पिंप तो विसरला नव्हता. पश्चिम आफ्रिकेत त्याने डबकी बुजविण्यासाठी व फुटकी भांडी गोळा करण्यासाठी मजुरांच्या टोळ्या उभारल्या. सुएझच्या कालव्यावरील इस्माईलिया गावी 1902 साली त्याच्या सल्ल्याने दलदल काढली, तो त्या गावचा ताप थोड्याच काळात जवळजवळ नाहीसा झाला. आणि 1907 सालच्या नोव्हेंबरात तो हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर उतरला.

ह्या बेटाशी आमच्या जिल्ह्याचे जुने नाते आहे. कोकणातील जुन्या माणसांच्या तोंडी पांढऱ्या साखरेस मोरस म्हणत, ती ह्याच बेटावरून येई म्हणून. आणि ती साखर पिकविण्यास येथलीच माणसे गेली होती. 1834 सालापासून पुढे कित्येक वर्षे करारावर मजूर नेण्यात आले. सर्व हिंदुस्थानातून मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. त्यांपैकी मुंबई बंदरातून गेलेली तीस हजारांवर होती, व त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कुणबी, मराठे, महार इत्यादी पुष्कळ होते. त्यांच्या वंशजांची मराठी कुटुंबे आजही त्या बेटावर आहेत.

पहिली माणसे गेली तेव्हा बेटावर वादळे होती, मुकादमाचा जाच होता, उसाच्या पात्यांनी अंग चिरे, घोण व डासही होते. परंतु हिवताप नव्हता. त्याचे कारण रोग वाहणारी डासांची जातच तेथे नव्हती. 1865 सालच्या सुमारास ती जात आफ्रिकेच्या बाजूने जहाजांतून येऊन पोहोचली असे मानतात. आलेल्या मजुरांच्या रक्तात जंतू होते, आता वाहन मिळाले. मग काय विचारता! 1866 साली साथ सुरू झाली, आणि 1867 ह्या एका वर्षात बेटावरील सव्वातीन लाखांच्या आसपास वस्तीपैकी सुमारे दहावा हिस्सा तापाने मेला. पैसेवाले लोक किनारा सोडून मधल्या उंच पठारावर राहावयास गेले. मजुरास कोठे जाता येणार? तो ऊसमळ्याच्या चाळीतच राहिला. आमच्या जिल्ह्यातील किती घरांत त्या वर्षानंतर बेटावरून सांगावा आला नसेल, ह्याचा हिशेब कोणी ठेविला नाही.

चाळीस वर्षांनी रॉस तेथे पोहोचला तेव्हा साथ ओसरली होती, पण ताप बेटाचा कायमचा रहिवासी झाला होता. रॉस ह्याने आधी मोजदाद केली. ज्यास वारंवार हिवताप येतो त्या मुलाच्या पोटात डाव्या कुशीस पाणथरी वाढते व ती हातास लागते. बेटावरील शाळांतील व ऊसमळ्यांवरील हजारो मुलांची पोटे अशी चाचपून पाहिली, तो सरासरीने तीन मुलांत एकाची पाणथरी वाढलेली आढळली. कोणत्या वस्तीस किती रोग आहे हे असे प्रथम कळले, व कोठे आधी खर्च करावा हेही ठरविता आले. मग त्याने सरकारास सल्ला दिला की, ओढे साफ व सरळ करावे, पाणथळ जागांचे पाणी काढून द्यावे, ह्या कामास कायमच्या टोळ्या ठेवाव्या, आणि ज्या मुलांस रोग आहे त्यांस कोयनेल नियमाने द्यावे.

कित्येकांनी आक्षेप घेतला की सगळे डास मारणे कोणास शक्य आहे? रॉस ह्याचे तरुणपणीचे गणित येथे कामास आले. त्याने हिशेब मांडून दाखविले की सगळे डास मारण्याची गरजच नाही. शंभर डासांतून थोडेच रोग्यास चावतात. त्यांतील थोडेच, जंतू पिकेपर्यंतचे दहा-बारा दिवस जगतात. आणि त्यांतील थोडेच पुन्हा निरोगी माणसास चावतात. म्हणून डासांची संख्या एका मर्यादेच्या खाली आणली की एका रोग्यामागे एक नवा रोगी होणेही थांबते, आणि रोग आपोआप विझतो. चुलीतील लाकडे मागे ओढली म्हणजे प्रत्येक निखारा चिरडावा लागत नाही, तसेच हे. 1908 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मॉरिशसच्या अहवालात हा हिशेब आहे, आणि साथीच्या रोगांचे गणित म्हणून आज जे शास्त्र नावाजलेले आहे त्याचा पाया घालणाऱ्या लिखाणांत त्याची गणना होते.

त्या सल्ल्याचे चीज लगेच झाले नाही. पैसा अपुरा पडला, कामे अर्धवट राहिली, ताप चालूच राहिला. रॉस 1927 साली कलकत्त्यास आपल्या शोधाचे स्मारक पाहून गेला, आणि 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडन येथे वारला. 1948 नंतर मॉरिशसमध्ये घराघरांतून डीडीटी फवारण्याची मोठी मोहीम झाली, आणि 1973 साली बेट हिवतापमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. परंतु 1975 साली मोठे वादळ होऊन पाणी साचले, बाहेरून आलेल्या माणसांबरोबर जंतू आला, आणि ताप पुन्हा उठला. पुन्हा वीस वर्षे झगडल्यावर 1997 नंतर बेटावरच्या बेटावर लागण झालेला रोगी आढळला नाही. आजही विमानाने येणाऱ्या तापकऱ्याचे रक्त तपासल्यावाचून तेथील आरोग्यखाते स्वस्थ बसत नाही. शत्रू गेला म्हणून दार उघडे टाकले तर तो परत येतो, हे त्या बेटाने भरपूर किंमत देऊन शिकून घेतले आहे.

ह्या चरित्रापासून आमच्या खेड्यांनी काय घ्यावे? पारितोषिके थोड्यांस मिळतात. पिंप उपडे करणे प्रत्येकाच्या हाती आहे. हिवतापाचा डास रात्री चावतो व बसताना शेपटी वर करून तिरपा बसतो. डेंग्यूचा डास निराळा, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो व घराजवळच्या लहानसहान पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून रांजण, पिंप व गुरांची दोण रिकामी करून घासून कोरडी करावी. आवाठातील करवंट्या, फुटके डबे व जुने टायर गोळा करावे. तुंबलेली पन्हळ मोकळी करावी. ज्या चिरेखाणीत पाणी साचते ती भरून काढावी अथवा तीत व न वापरत्या विहिरीत गप्पी मासे सोडावे. मच्छरदाणीत निजावे. थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्यावे आणि औषधाचा क्रम बरे वाटले तरी पुरा करावा, कारण अर्धवट औषध घेणारा मनुष्य शेजाऱ्याच्या घरी रोग पाठवितो.

आणखी एक गोष्ट. डास गडग्याची ओळख ठेवीत नाही. एकाच्या दोणीतले किडे दुसऱ्याच्या पाळण्यापाशी उडत जातात. मॉरिशसमध्ये एका मळेवाल्याने ओढा साफ केला व शेजाऱ्याने केला नाही तर दोघांच्याही मजुरांस ताप येई. तेव्हा हे काम एका घराने करून पुरे होत नाही. वाडीने एक दिवस ठरवून करावयाचे आहे. बंगळूरच्या त्या अधिकाऱ्याचे नाव आज कोणास ठाऊक नाही, परंतु त्याचे मत अद्यापि पुष्कळ ओट्यांवर बसलेले आहे. त्यास उठवून लावणे हेच रॉस ह्याचे खरे स्मारक होईल असे आम्हास वाटते.